घेतलं किती, दिलं किती

कुठेच न मिळणारी जुनी लोकगीतं एकमेकांना देणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. आत शिरायला जुन्या सभासदाची शिफारस लागते. मला ती मिळाली आणि मी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा सुटलो. दिसलं गाणं की उतरव. सुरतेतल्या कोसाड भागात आमच्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर नुसता घरघरत होता.

मग नावापुढे लाल खूण आली. कुणी किती घेतलं, किती दिलं, याची चुगली ज्याचा त्याचा कॉम्प्युटरच गटाकडे करत असतो. माझं घेणं डोंगराएवढं, देणं जवळजवळ शून्य. माझ्याकडची गाणी मी सगळ्यांसाठी खुली ठेवली होती हो, पण ती आधीच प्रत्येकाकडे होती! ‘सुधारा, नाहीतर नाव काढू,’ असा निरोप होता. एकदा काढलेल्याला तिथे परत घेत नाहीत. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

तोंड का उतरलंय, आईने विचारलं. मी सांगितलं. फाइल म्हणजे काय ते तिला कळलं नाही, बाकी सगळं कळलं. शेजारणीची वाटी ती कधी रिकामी परत करत नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालते.

“नुसतं लेस, देस काहीच नई?” तिला माझी खरोखर लाज वाटली.

तासाभरात तिने बिल्डिंगमधल्या आमच्यासारख्या साऱ्या खान्देशी बायका घरात गोळा केल्या. लग्न कुणाचंच नव्हतं, तरी हळदीची गाणी सुरू झाली. मी पिठाच्या डब्यावर फोन ठेवला. मध्येच कुकरने शिट्टी दिली आणि सगळ्या हसत सुटल्या. तेही रेकॉर्ड झालं. रात्री सगळं गटावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सचिन भागातल्या माझ्या ऑफिसात जेवताना फोन बघितला, तर लोक आमची गाणी घेत होते, घेतच होते. मी बाथरूममध्ये जाऊन चक्क नाचलो. संध्याकाळपर्यंत लाल खूण गेली.

आमच्या गाण्यांखाली एका अनोळखी सभासदाने विचारलं होतं, ‘गाण्यातल्या आंडेर शब्दाचा अर्थ काय?’

आई बाहेर गुजराती बोलते, बँकेत हिंदी. घरची बोली उंबऱ्याच्या आत. त्या बोलीतल्या शब्दाचा अर्थ सुरतेत आईला आजवर कुणी विचारला नव्हता. मी प्रश्न वाचून दाखवला. ती पदराला हात पुसत माझ्याशेजारी येऊन बसली.

“लिख,” ती म्हणाली. “आंडेर म्हंजे लेक. मन्ही माय माले आंडेर म्हने.”