कोरडा टेप

"तिथंच थांबा. विहिरीजवळ येऊ नका."

मालकाने आधी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. मग पुढचं काही विचारायची त्याला गरज उरली नाही.

औशाच्या पुढे, रस्त्यापासून आत, त्याचं शेत. नवा जिल्हा झाला होता. रस्ते व्हायचे होते, कचेऱ्या बांधायच्या होत्या, आणि त्यासाठी मुरूम हवा होता. त्याच्या माळाखाली मुरूमच मुरूम. खाण तीस फूट खोल जायची होती. पाणी त्याच्या खाली असेल तरच परवानगी. ते मोजायला भूजल खात्याने मला पाठवलं होतं.

माळाच्या उताराला आमच्या लोकांची वस्ती. तिथे एकच आड. या माळाच्या मुरमातून जे पाझरायचं, त्यावर तो जगायचा. दुष्काळातही तळाला दोन घागरी पाणी असायचं. येताना एका म्हातारीने मला अडवलं होतं.

"बाबा, तू आपल्यातला दिसतूस. ह्येनी माळ खांदला तर आमचा आड ऱ्हातुय का?"

"बघतो, मावशी," म्हणालो. आणि बघायला आलेला मी बाभळीखाली उभा होतो.

टेप पोलादी, टोकाला शिशाचं वजन. खालच्या भागाला खडू फासायचा आणि विहिरीत सोडायचा. पाण्याला लागला की खडू भिजतो. त्या ओल्या खुणेवरून पाणी किती खोल आहे ते कळतं. खडू मी फासला. टेप मालकाचा सालगडी घेऊन गेला. नोकरीला लागल्यापासून हे असंच चालत आलं होतं. पुष्कळदा कोणी हटकायच्या आधीच मी मागे सरायचो. त्याला मी समजूतदारपणा म्हणायचो. आज त्या शब्दाचीही किळस येते.

"चाळीस फूट," मालक विहिरीवरून ओरडला. "लिव्हा साहेब, आन् सही करा. चहा सांगतो. तुमच्यासाठी कप येगळा हाय, काळजी नगं."

सालगड्याने टेप माझ्या हातात दिला नाही. पायाशी मातीत टाकला. मी वाकून उचलला.

खडू टोकापर्यंत पांढरा होता. वजनावर सकाळची धूळ तशीच होती.

"अरे, हा पाण्याला लागलाच नाही."

सालगडी बिचकला. खोटं बोलावं असं त्याला सुचलंच नसावं.

"कसा लावू साहेब? तुमच्या हातचा हाय न्हवं. पानी बाटंल की."

मालक हसला. "खरं बोलतंय येडं. मी डोळ्यानं बघून सांगितलं ना चाळीस?"

मालकाचं हसू, तो वेगळा कप, मातीतला टेप, सगळ्याचीच शिसारी आली. सर्वांत जास्त स्वतःची. आजवर मी बाभळीखाली, कडुनिंबाखाली उभा राहून जे आकडे लिहिले, त्यातले किती असे कोरडे होते? आणि त्यांच्या जोरावर कुणाकुणाचे आड आटले?

मी विहिरीकडे चालू लागलो.

"ए, मागं सर."

साहेब गेला. ए आला. मी थांबलो नाही. काठावर गुडघे टेकले आणि टेप सोडला. वजन पाण्यात गेलं तसा हाताला भार हलका लागला. वर ओढला. खडू भिजला होता.

"अठरा फूट," मी म्हणालो.

"बाटवलीस इहीर. आता सगळं पानी उपसावं लागंल. दुष्काळात."

"उपसा की मालक. इंजिन लावा. काठावरचं इंजिन पंचवीस फुटांखालचं पाणी ओढत नाही. तुमचं चाळीस फुटांखालचं पाणी पाटाने वाहताना साऱ्या गावाला दिसू द्या."

इंजिनाकडे कोणी गेलं नाही. मी टेप पुसत होतो, तेवढ्यात घरातून घागर आली. त्याच विहिरीतून भरली आणि मालकाच्या डोळ्यांदेखत घरात गेली. मी शिवलेलं पाणी.

मी अठरा लिहिले. आठवड्याच्या आत वरिष्ठांनी बोलावलं. म्हणाले, "फेरमोजणी करून ये. आणि या वेळी लोकांच्या भावना सांभाळ. लांब उभा राहा."

"जातो साहेब," मी म्हणालो. "पण टेप मीच सोडणार. दुसऱ्याने सोडलेल्या टेपवर माझी सही होणार नाही. या विहिरीवर नाही, कुठल्याच नाही."

बाहेर आलो आणि पिशवीत खडू आहे ना ते बघितलं.