कुंताबाईनं टर्बो विकला नाही

वरठीच्या स्टेशनाकडून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंताबाईचं कबाडीचं दुकान होतं. पाटीवर नाव नवऱ्याचं, सेवकरामचं. पण सेवकरामचा जीव भजनात, आणि भजन नसेल तेव्हा झोपेत. मोहाडीच्या विणकरांची ही लेक माहेरी मागावर बसायची. सासरी येऊन जुन्या गाड्यांच्या आतड्यांत हात घालायला शिकली. गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचे दोन तुकडे झाले त्या वर्षी तिनं पहिला जुना टर्बो विकला, इंजिनात जोरानं हवा कोंबणारा तो ट्रकचा पंखा. पुढे तर पार गोंदियाचे मेकॅनिकही तिच्याकडे येऊन, शिव्या खाऊन माल नेऊ लागले.

एका उन्हाळ्यात मेकॅनिक इश्वर एक सेकंडहँड जीप घेऊन आला. शेजारी मालक बसलेले, सिहोऱ्याचे धानाचे व्यापारी ताराचंदशेठ. जीपच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘टर्बो’ लिहिलेलं होतं आणि त्याच्या खालून निळा धूर निघत होता.

“मावशी, हिचा टर्बो गेला,” इश्वर म्हणाला. “शिट्टी मारते, धूर फेकते, चढावर म्हशीवानी बसते. एक जुना चांगला काढून दे.”

“तू खोलून पाह्यला?”

“खोलाचं काय त्यात? लक्षणंच सांगून राहिले ना!”

“लक्षणं पाहूनच तू बायकोले गॅस झाला म्हणत होता. चार महिन्यांत गुड्डी झाली.”

ताराचंदशेठ खोकल्याचं निमित्त करून हसले. अशाच जीपचा एक जुना टर्बो दुकानातल्या मागच्या फळीवर वर्षभर पडून होता. खाटेवरून सेवकरामनं एक डोळा उघडून ‘दे ना’ अशी खूण केली. कुंताबाईनं तिकडे पाहिलंही नाही.

इंजिन निवेपर्यंत चहा झाला. मग तिनं टर्बोवरचा हवेचा पाइप काढला, दोन बोटं आत घातली आणि पंख्याचा दांडा हलवून पाहिला. आडवा जरासा हलला, तेवढा चालतो. आतबाहेर तसूभरही सरकला नाही. पाती शाबूत, कुठं घासल्याची खूण नाही.

“टर्बो ठणठणीत हाये,” ती म्हणाली. “लाव पाइप अन् कर चालू.”

इश्वरनं पाइप लावून गाडी चालू केली, रेस दिली. शिट्टी वाजली. कुंताबाईनं टर्बोतून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी पाइपाभोवती तळहात आवळला, तशी शिट्टी दबली. हात काढला, पुन्हा वाजली. पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाली रबर चिरलं होतं. हवा तिथूनच पळत होती, मग गाडी चढावर जोर कुठून आणणार?

“अन् धूर?” इश्वर हट्टाला पेटला. “निळा म्हणजे तेल जळून राहिलं!”

“जळूनच राहिलं. बंद कर.”

थोड्या वेळानं तिनं ऑइल मापायची पट्टी ओढली. वरच्या खुणेच्या चार बोटं वर ऑइल!

“यात ऑइल कोण टाकते?”

“मीच,” शेठ अभिमानानं म्हणाले. “दर सोमवारी थोडं थोडं. गाडीले कमी नाई पडू देत.”

“महादेवाची पिंड हाये का थे, अभिषेक कराले? खाली जागा नाई, म्हणून टर्बोतलं ऑइल परत उतरत नाई. थे धुराड्यातून निघून राहिलं!”

शेठचा चेहरा उतरला. इश्वरला मात्र हसू आवरेना. आपली फजिती निम्मी वाटली गेली याचा त्याला आनंद झाला. जास्तीचं ऑइल डब्यात काढलं, कबाडातला धड पाइप बसवला. तरी धूर येतच होता.

“आत साचलेलं जळाले पाह्यजे. फिरवून आणा.”

“तुम्हीही चाला, बाई,” शेठ म्हणाले. “वाटेत बंद पडली तर?”

कुंताबाई पदर खोचून पुढच्या सीटवर बसली. इतके टर्बो तिच्या हाताखालून गेले, पण धावत्या गाडीत त्याचा जोर कसा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं. मोहाडीच्या रस्त्यावर शेठनं रेसवर पाय दाबला. गाडीनं अशी उसळी घेतली, की कुंताबाईची पाठ सीटला चिकटली आणि तोंडून एक सणसणीत शिवी बाहेर पडली. शेठ दचकले, पाय उचलला.

“काहून थांबले?” ती म्हणाली. “दाबा ना अजून!”