नाव घेऊन दाद

कवी लोकांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. स्टँडवरच्या रसवंतीमागे चोथा साचतो तसे ते आपोआप साचतात. कधीतरी कुणाला तरी ते उचलून बाजूला करावे लागतात, एवढंच.

मी मेहकर-लोणार गाडीवर कंडक्टर आहे. मी कविता करते हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त आमच्या ड्रायव्हरला नाही. त्याला मुद्दामच सांगितलेलं नाही, कारण त्याच्या भरवशावर पन्नास माणसं बसलेली असतात!

तर आमचा मोबाइलवर कवींचा एक ग्रुप आहे, 'काव्यसरोवर'. लोणारच्या सरोवराचं पाणी खारट आहे आणि त्यात मासोळी जगत नाही, हे नाव ठेवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्रुपचे अॅडमिन डिगूभाऊ. मेहकरात त्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. स्वतः ते चारोळ्या करतात आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला पिशवी हातात द्यायच्या आधी ऐकवतात.

*

डिगूभाऊंचा शेतकऱ्यांसाठी आणखी एक ग्रुप आहे, 'कपाशी सल्ला'. एका सकाळी घाईघाईत त्यांनी तिकडचा मजकूर इकडे टाकला.

'सकाळचं दव उतरू द्या.
वारा सुटला असेल तर थांबा.
तोंडाला फडकं बांधा,
आणि वाऱ्याकडे पाठ करून चाला.'

दहा मिनिटांत ग्रुप पेटला. कुणी म्हणालं, संयमावर इतकं थोडक्यात आजवर वाचलं नव्हतं. कुणाला तोंडाच्या फडक्यात आजच्या समाजाची मुस्कटदाबी दिसली. वडनेर भोलजीचा नीलेश गझला लिहितो, त्याला शेवटची ओळ वाचून रडू आलं.

डिगूभाऊंनी दुपारी मोबाइल पाहिला आणि लिहिलं, "अबे, ते फवारणीच्या पंपासोबत येते त्या कागदावरचं हाय."

तरी दोघांनी आपलं मत बदललं नाही. मीही त्यातली एक. अजूनही मला ती कविताच वाटते.

खरी गंमत पुढे झाली. चूक निस्तरायच्या गडबडीत डिगूभाऊंनी आपल्या भास्कररावांची कविता 'कपाशी सल्ला'वर पाठवून दिली. 'शिंपडा दोन थेंब अमृताचे, या करपल्या जीवनावर' अशी तिची सुरुवात होती.

खालून एका शेतकऱ्यानं विचारलं, "एकरी किती लागते?"

*

हे भास्करराव म्हणजे आमच्या ग्रुपचा कणा. लोणारला राहतात, पंचायत समितीतून रिटायर झालेत. महाराष्ट्र राज्याच्या आणि आपल्या वयात फारसा फरक नाही, असं ते स्वतःच सांगतात. आणि राज्यासारखंच आपलंही उद्घाटन झालं पण काम बाकी आहे, असंही वरून म्हणतात. माणूस इतका सरळ की दुसऱ्याच्या कवितेतला शब्द न् शब्द खरा मानतो.

आता नीलेशच्या गझलेत कायम एक बेवफा असते. ती दर आठवड्याला त्याला सोडून जाते. आम्हाला सवय झाली होती. पण एकदा त्यानं लिहिलं, 'उद्याचा सूर्य माझा नाही', आणि भास्करराव पहिल्या गाडीला माझ्याच बसमध्ये चढले. हातात पिशवी, पिशवीत काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी. लोणारहून मेहकर, मेहकरहून खामगाव, मग नांदुरा, मग वडनेर भोलजी. पोराचा जीव वाचवायचा म्हणून हा माणूस गाड्या बदलत दुपारी तिथं पोचला.

नीलेश बांधावर बसून मजेत भाकर खात होता. शेजारी बायको वाढत होती. भास्कररावांनी येण्याचं कारण चाचरत सांगितलं. नीलेशची मान खाली गेली. त्याच्या बायकोनं मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, ते बेवफा तुमाले कुठं भेटली त सांगजा तिले, सोयाबीनची सोंगणी हाय. दोन दिस हाताखाली ये म्हणा."

भास्करराव त्या रात्री तिथंच थांबले. जेवले, विळा घेऊन दोन ओळी सोयाबीनही सोंगलं. दुसऱ्या दिवशी परत येताना माझ्याच गाडीत होते. पोरगं ठणठणीत आहे, म्हणाले, पण गझल चांगली होती हो.

*

ग्रुपवर दाद देण्याची आमची पद्धत फार सोपी होती. वर कविता आली की खाली 'वा! अप्रतिम! काळजाला भिडली' चिकटवायचं आणि आपली कविता टाकायची. वाचायची सक्ती नव्हती.

मग एकदा डिगूभाऊंनी लिहिलं की उद्या दाढ काढायची आहे, दुकान बंद राहील. खाली लगोलग तीन जण. 'वा! अप्रतिम! काळजाला भिडली.'

डिगूभाऊ सुजलेल्या गालानं भडकले. त्यात भास्कररावांनी तेल ओतलं. त्यांचं म्हणणं होतं की दाद कुणाला आणि कशाबद्दल चालली आहे तेच कळत नाही, तेव्हा कडक नियम करा. नियमाचा मसुदाही त्यांनीच लिहून दिला, शेवटी पंचायत समितीचा माणूस! दाद द्यायची तर कवीचं नाव घेऊन द्यायची आणि कोणती ओळ आवडली ते लिहायचं. नुसते अंगठे, टाळ्या, फुलं दिसली की डिलीट.

त्या दिवशी दुपारी डिगूभाऊंनी बरीच साफसफाई केली. त्यात भास्कररावांच्या कवितेखालचं एक फूलही गेलं. ते सुमनकाकूंचं होतं.

*

सुमनकाकू म्हणजे भास्कररावांच्या मिसेस. त्या कविता करत नाहीत. नवऱ्याचा जुना मोबाइल त्यांच्याकडे आला आणि त्यासोबत ग्रुपही आला. नवऱ्याची कविता आली की त्या खाली एक फूल ठेवायच्या, देवापुढे ठेवावं तसं. बाकी काही नाही.

नियम आल्यावर मात्र काकूंना कंठ फुटला. 'नीलेशभाऊ, दुसरी ओळ चांगली. पहिलीत रडणं जास्त झालं.' मला लिहिलं, 'रंजनाताई, तुमच्या कवितेत गाडी चांगली चालली, शेवटच्या स्टॉपवर उगाच थांबली.' डिगूभाऊंना त्यांनी सांगितलं की चारोळीतली एकच ओळ ठेवली तरी चालेल. आणि एवढं लिहून एकही माणूस रागावला नाही! लोक कविता टाकायचे आणि काकूंची वाट पाहत बसायचे.

फक्त एका कवीच्या वाट्याला काही येईना. भास्कररावांची कविता आली की काकू गप्प. पूर्वीचं फूलसुद्धा नाही.

*

भास्कररावांनी त्यावर पुरुषासारखा उपाय केला. विषय मोठे केले! चंद्र, तारे, काळ, अनंत. शेवटी आमच्या लोणारच्या उल्केवर आले. कविता सकाळी सुरू झाली, तुकड्या-तुकड्यानं येत राहिली, आणि दुपारी माझी लोणारची फेरी झाली तरी उल्का जमिनीला टेकली नव्हती.

नीलेशनं नियम पाळून दाद दिली. "भास्करकाका, सगळ्याच ओळी आवडल्या. पण उल्का एका झटक्यात पडली असंल, तुमची अजून खाली येऊनच राह्यली."

सगळे हसले. भास्कररावही हसले. काकूंनी त्याच दिवशी नीलेशच्या चार ओळींवर सात ओळी लिहिल्या आणि उल्केबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भास्करराव मेहकरला जाताना माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसले. मी तिकीट दिलं तरी ते हात पुढे करूनच होते. मग म्हणाले, "रंजनाताई, खरं सांगा. लय बेकार लिहून राह्यलो का मी?"

मी म्हटलं, उल्का थोडी लांबली, बाकी ठीक.

"लोकाचं सोडा. घरात एक वाचणारी होती, तेबी गेली. तिलेच आवडत नाई त लिहून कोणाले दाखवू? बंद करतो आता."

मला फार वाईट वाटलं. घरात भांडण आहे का असं विचारलं तर म्हणाले, छे, भांडण कसलं, जेवायला वाढते, औषध देते, सगळं करते. फक्त कवितेचं नाव काढत नाही.

*

त्याच आठवड्यात सुमनकाकू दात दाखवायला मेहकरला निघाल्या आणि माझ्या तावडीत सापडल्या. सुलतानपूर गेल्यावर गाडी जरा रिकामी झाली, तेव्हा मी शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं. सगळ्या गावाला दाद देता, मग घरच्या माणसानं काय पाप केलं? तो माणूस लिहिणं सोडायला निघालाय.

काकूंनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "नाव कसं घेऊ बाई?"

मला कळलंच नाही.

"नियम नाई का तुमचा? नाव घेऊन दाद द्या म्हणते. लग्न झाल्यापासून त्याहिचं नाव नाई घेतलं मी. बँकेत विचारलं त मी आधार कार्ड पुढं करते."

मी म्हटलं, काकू, तोंडानं कुठं घ्यायचंय, टाइप तर करायचंय.

"बोटानं घेतलं काय अन् तोंडानं घेतलं काय, नावच ना ते?"

मी म्हटलं, मी डिगूभाऊंना सांगते, तुमच्यापुरता नियम सैल करतील. तर काकू एकदम ताठ झाल्या. सगळ्यांमध्ये हसं करता का, म्हणाल्या. मग निदान भास्कररावांना तरी सांगू द्या. तर तेही नको. नियम ज्यांनी लिहिला त्यांच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. इतकी वर्षं एका घरात राहून एवढं समजत नसेल तर कविता कसली करतात?

मी चिडले. दोघांवरही चिडले. बाकीच्या प्रवाशांची तिकिटं मी त्या दिवशी जरा जोरातच दिली. पण काकूंना शब्द दिला होता, म्हणून कुणापाशी बोलले नाही.

*

आणि मग एका रविवारी सकाळी भास्कररावांची कविता आली. वर लिहिलं होतं, 'ही माझी शेवटची कविता. आजवर सांभाळून घेतलंत, सर्वांचा ऋणी आहे.'

पहिल्या कडव्यात आकाशगंगा होती. तिसऱ्यात विवर होतं, त्याच्या तळाशी कवी एकटा उभा होता. चौथ्यात लेखणी चितेवर ठेवली होती. दुसरं कडवं मध्येच कुठून आलं होतं कोण जाणे.

'तू भाकरी भाजतेस, मी ताटावर बसतो,
पहिली फुगली की माझ्याकडे येते.
तुझी नेहमी सगळ्यात शेवटची.
ती फुगते की नाही, मी कधी पाहिलं नाही.'

नीलेशनं लिहिलं, 'भास्करकाका, असं नका करू.' डिगूभाऊंनी दुकानातून फोन केला, तो भास्कररावांनी उचलला नाही. मी स्टँडवर गाडी लागायची वाट पाहत बसले होते. मोबाइल खाली ठेवायची हिंमत होईना. मनात आलं, दिलेला शब्द गेला खड्ड्यात, आता सगळं लिहून टाकावं. मी लिहायला घेतलंसुद्धा.

तेवढ्यात वर दिसलं, 'सुमनकाकू टाइप करत आहेत.' ते बंद झालं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा बंद. गाडी लागली, माणसं चढायला लागली, ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला, आणि मी खालीच उभी.

मग आलं.

'ताकाच्या कढीले मोहरी अन् जिरं,
भास्कररावांच्या कवितेत दुसरं कडवंच खरं.'

मी डबल बेल दिली आणि गाडी सुटली. डोळे पुसत तिकिटं देणारी बाई पाहून एका म्हातारीनं मला पाणी विचारलं. सुलतानपूरला डिगूभाऊंचा मेसेज दिसला, नाव आहे, कडवं सांगितलंय, दाद नियमात बसते. लोणार आलं तरी भास्कररावांचं काहीच नव्हतं. परत मेहकर आलं तरी काही नव्हतं.

जेवणवेळ टळून गेल्यावर त्यांचा मेसेज आला. कविता नव्हती, दोनच शब्द होते.

'पाहिली. फुगते.'