शिकाऊ गाडीचे मास्तर

बाबांची गिरणी बंद पडली त्या वर्षी घाटकोपरच्या भटवाडीत सगळ्यात हळू चालणारी गाडी मास्तरांची होती. हातगाडीवालेसुद्धा तिला मागे टाकून जात. मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. मागून कुणी हॉर्न मारला तर खिडकीतून हात काढून म्हणायचे, "जा की पुढे. रस्ता काय माझ्या सासऱ्यानं दिलाय?" हाच माणूस वर्षातून एकदा तीच फियाट घेऊन मद्रासजवळच्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीला जातो, असं सांगितलं तर नवा माणूस हसायचा.

आमच्या घरी तेव्हा आई साड्यांना फॉल लावून चूल पेटती ठेवत होती. बाबा गिरणीत फिटर. गिरणी गेली तशी त्यांची वाचाही गेली. दिवसभर भिंतीला टेकून बसायचे. मी कॉलेजात जात होते, आमच्या घराण्यात पहिलीच. पण माझा निकाल ऐकूनही ते नुसती मान हलवायचे. मग एक दिवस चाळीखालच्या पत्र्याच्या शेडमधून मास्तरांनी हाक मारली, "काका, जरा इंजिनाचा आवाज ऐका ना. मला काय समजत नाय." बाबा उठले, खाली गेले ते जेवायलाच वर आले. जेवताना बोलत होते. कार्बोरेटरबद्दल.

त्या दिवसापासून मी मास्तरांवर जळायला लागले. आणि का जळू नये? माझ्या फर्स्ट क्लासनं जे झालं नाही ते त्यांच्या खडखडणाऱ्या इंजिनानं केलं होतं.

शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. शर्यतीआधी तो काढायचा आणि परत आल्यावर बसवायचा, हे काम बाबांचं झालं. मद्रासलाही बाबाच बरोबर. कंपन्यांच्या गाड्या तिथे ट्रकवर चढून यायच्या, मेकॅनिक आणि टायरांची चळत घेऊन. मास्तर आपल्या खर्चानं, आपल्या गाडीनं जायचे आणि त्याच टायरांवर घरी यायचे. म्हणून ते गाडी जपूनच पळवत. "पहिले येणारे येऊ देत," म्हणायचे, "मला परत जाऊन जिग्नाबेनला रिव्हर्स शिकवायचाय." कधी सातवे येत, कधी चौथे. बाबा तो चौथा नंबर असा सांगायचे की ऐकणाऱ्याला पहिलाच वाटावा.

मला चिडवायची मास्तरांना सवय. "काय प्रोफेसरीणबाई, गाडी शिकणार?"

"मला बसची सवय आहे."

"मग बस शिकवतो. काका, बसला दुसरा ब्रेक लागेल का हो?"

बाबा खदखदून हसले. हसू मलाही आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही.

माझा बी.ए.चा पदवीदान समारंभ आणि शर्यत एकाच दिवशी आली. बाबा म्हणाले, "आई येईल ना तुझ्याबरोबर." आईनं खाली जाऊन ते मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तर वर आले आणि दारातच उभे राहिले.

"काका, शर्यत दरवर्षी असते. हिचं हे एकदाच. तुम्ही नाय यायचं."

"अहो, पण तो ब्रेक..."

"मी काढतो. वाकडातिकडा काढीन, पण काढीन."

म्हणजे बाबा माझ्या समारंभाला आले तेही मास्तरांनी पाठवलं म्हणून. हे मला स्टेजवर चढतानासुद्धा बोचत होतं.

पार्ल्याच्या कॉलेजच्या हॉलमध्ये माझं नाव पुकारलं. पदवी हातात घेऊन मी खाली पाहिलं. आई डोळे पुसत होती, बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत टाळ्या वाजवत होते. मी शेजारी येऊन बसले तर हळूच गावच्या मालवणीत विचारतात, "आता कितवो राउंड चालू असतलो गो?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. आईनं त्यांना कोपरानं ढोसलं.

संध्याकाळी खालच्या वाण्याकडे ट्रंक कॉल आला. कंपन्यांच्या गाड्या सुरुवातीपासून मोकाट सुटल्या होत्या आणि शेवटी त्यांचे टायर झिजून घसरू लागले. मास्तरांनी आपले टायर परतीच्या रस्त्यासाठी राखले होते. ते पहिले आले होते.

बाबांनी चाळभर पेढे वाटले. "कसले हो?" असं कुणी विचारलं की मी कान देऊन ऐकायची.

मास्तरांनी परत आल्यावर कप बाबांना देऊन टाकला. बाबांनी तो कपाटावर माझ्या पदवीच्या फोटोपुढे ठेवला. फोटोत मी हनुवटीपासून वरच दिसायची. पुढे मास्तरांनी स्कूल मुलुंडला नेलं, शर्यती सोडल्या आणि एका उन्हाळ्यात ते अचानक गेले. बाबा पुन्हा काही दिवस भिंतीला टेकून बसले. मी शेजारी बसून राहिले.

मास्तर कंपन्यांच्या गाड्यांना मागे टाकून एकदाच पहिले आले. त्याच दिवशी मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. बाबा होते तोवर दोन्ही गोष्टी सगळ्यांना सांगायचे. मास्तरांची आधी.