व्हरांड्यातलं जेवण

माझे वडील प्रार्थना केल्याशिवाय जेवत नसत. गोंदियाकडच्या आमच्या गावी मिशनच्या बोर्डिंगात ते स्वयंपाकी होते. पोरांची पंगत उठली की ते स्वतःचं ताट वाढून घेत, डोळे मिटत आणि मोठ्याने प्रार्थना करत. भात निवला तरी त्यांना घाई नसे. लग्नाच्या मांडवात, बसस्टँडवर भजी खाताना, अनोळखी माणसांतही हेच. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. त्यांना प्रार्थना न करता जेवताना मी एकदाच पाहिलं, आणि ते माझ्यामुळे.

ऐंशीच्या दशकात मी पोलादाच्या कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, क्लार्क म्हणून लागलो. क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून जवळच्या कोहक्याच्या वस्तीत खोली घेतली. घरमालक भंडाऱ्याकडचे, प्लांटमध्येच क्रेन चालवायचे. मी त्यांना काका म्हणायचो. खोली देण्याआधी काकूंनी एवढंच विचारलं, "मांसमच्छी नाही न खात? आपलेच होय न?" मी हो म्हणालो. आमचं आडनाव साधं मराठी, माझं नावही तसंच. त्यावरून काही कळत नसे.

सुरुवातीला रविवारी सायकलने प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या चर्चला जायचो आणि काकूंना सांगायचो की सिविक सेंटरच्या बाजारात फिरायला चाललोय. पुढे खरंच सिविक सेंटरला जाऊ लागलो. गणपतीत झांज वाजवली. काकू वाटीभर भाजी पाठवायच्या, काका मला 'आपला पोरगा' म्हणायचे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. मला तिथे बरं वाटत होतं, हे खरं कारण. त्या नाताळात सुट्टी मिळत असूनही मी घरी गेलो नाही. सुट्टी मिळाली नाही, असं आईला कळवलं.

जानेवारीतल्या एका सकाळी अंगणात सिगडी पेटवून काका, काकू आणि मी शेकत बसलो होतो. फाटकाशी वडील उभे दिसले. हातात पत्र्याचा डबा.

"सलाम," ते म्हणाले. आमच्यात भेटल्यावर असंच म्हणतात.

"कोण होय हे?" काकूंनी मला विचारलं.

वडील माझ्याकडे बघून हसत होते. मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. आवरायचं राहून गेल्यासारखं ते थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. मग त्यांनी चपला काढल्या, व्हरांड्याच्या कडेला बसले आणि डबा काकूंपुढे सरकवला. "याच्या मायनं पाठवल्या."

काकूंनी झाकण उघडलं. "करंज्या? आता कोणता सण झाला जी?"

आमच्याकडे करंज्या नाताळात होतात. वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "पोरगा दिवाळीले आला नव्हता न."

"दिवाळीच्या करंज्या आता पोचून राहिल्या," काका म्हणाले, "मालगाडीनं आल्या वाटते." काकू हसल्या. वडीलही हसले. ज्या माणसाने बोर्डिंगच्या डाळीतली मूठभर डाळसुद्धा कधी घरी आणली नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला होता.

काकूंनी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. अनोळखी माणूस म्हणून ताट व्हरांड्यातच वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी. वडिलांनी मांडी घातली. सवयीने त्यांचे दोन्ही हात जवळ आले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सिगडीतले निखारे उकरू लागलो. पुन्हा पाहिलं तेव्हा ते भात कालवत होते.

त्यांना पावर हाउस स्टेशनवर गाडीत बसवून द्यायला मी निघालो, तर फाटकाशीच त्यांनी मला थांबवलं.

"राहू दे बाबू. रस्त्यात कोणी विचारलं त तुले पुन्हा सांगा लागन."

ते हे रागाने म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

बोर्डिंगातल्या पोरांना ते एक गोष्ट नेहमी सांगत. शेकोटीपाशी उभं राहून प्रभूची ओळख नाकारणाऱ्या आणि मग रडणाऱ्या शिष्याची. इतर उपदेशक त्याच्या रडण्यापाशी थांबत. वडील थांबत नसत. पुढे पुन्हा एक विस्तव होता म्हणत, तळ्याच्या काठी, आणि त्यावर प्रभूने स्वतः त्याच शिष्यासाठी मासे भाजले. "त्यानं आधी खाऊ घातलं, मंग विचारलं, माया करतं का म्हणून. उपाशी माणसाले काही विचारू नये." स्वयंपाक्याच्या अभिमानाने ते हे सांगत. कोहक्यातल्या खोलीत मला ही गोष्ट आठवायची, पण शेकोटीपर्यंतच.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. प्लांटच्या दवाखान्यात नोकरदारांच्या आईवडिलांना इलाज मिळायचा, म्हणून बोर्डिंगच्या पाळकांनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी, त्यांना गाडीने आणून माझ्या हवाली केलं. आईचे गुडघे गेलेले, ती येऊ शकली नाही. गावाकडचं कोणी आजारी आहे, एवढंच मी काकूंना सांगितलं आणि वॉर्डात राहू लागलो.

एका दुपारी काका ड्यूटी सुटल्यावर थेट वॉर्डात आले. काकूंनी माझ्यासाठी डबा दिला होता. खाटेकडे बघून ते म्हणाले, "अरे, हे त करंज्यावाले बाबा होय." मग वाकून मोठ्याने विचारलं, "बाबा, तुमचं आपलं कोणी नाही आलं का जी?"

वडिलांची जीभ जड झाली होती. प्रत्येक शब्द ओढून आणावा लागे. "हा... हाये न. ओळखीचा पोरगा. लय करून राहिला... बिचारा."

मी तिथेच, पायाशी उभा होतो. माझं खोटं त्या माणसाने वर्षभर जपून ठेवलं होतं, आणि अर्धं शरीर गेल्यावरही ते हातचं सोडलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "हे माझे वडील आहेत. आम्ही ख्रिस्ती आहोत. त्या दिवशी मी खोटं बोललो."

वडील मान हलवू लागले. नाही, नाही. डाव्या हाताने त्यांनी काकांची बाही धरली. "पोरगा... असाच बोलते."

काकांनी तो हात हळूच सोडवून चादरीवर ठेवला. डबा स्टुलावर ठेवला आणि ते निघून गेले.

तोवर वडील ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटून घास घेत; त्या संध्याकाळी मात्र जेवले नाहीत. दवाखान्याची पातळ खिचडी मी चमच्याने भरवायला गेलो, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. सिस्टर म्हणाली, गिळायची ताकद जात असेल. मला वाटलं, ते रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच.

दुपारी कपडे आणायला कोहक्याला गेलो. काकू दारातच होत्या.

"खोली खाली करून दे," त्या म्हणाल्या.

"काकू, मी आधी सांगितलं असतं तर तुम्ही खोली दिली नसती."

"नसती दिली. दुसरीकडे भेटली असती तुले. पण माह्या हातानं तुह्या बापाले व्हरांड्यात वाढाले लावलं तू. मी त्या म्हाताऱ्याले हसली. हे कावून केलं बे तू?"

मी आत जाऊन कपडे आवरू लागलो. सामान एका पेटीत मावलं. निघताना काकूंनी करंज्यांचा तो पत्र्याचा डबा घासूनपुसून माझ्या हातात दिला. आत मऊ भात आणि वरण होतं. "तुह्यासाठी नको समजू," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्यासाठी होय."

वॉर्डात गर्दी होती, भेटीची वेळ होती. मी भात कुस्करला, चमचा वडिलांच्या तोंडाशी नेला. ओठ मिटलेलेच. "बाबा, कालपासून पोटात काही नाही," मी म्हणालो. "रागवा माझ्यावर, पण खा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. ते वाट बघत होते. मग त्यांचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत उजव्या, मेलेल्या हाताशी गेला आणि त्याला धरून राहिला. त्यांनी डोळे मिटले.

तेव्हा मला समजलं.

मी कित्येक महिन्यांत प्रार्थना केली नव्हती. शब्द आठवेनात. शेजारच्या खाटेवरचे लोक बघत होते. चमचा वाटीत ठेवून मी उभा राहिलो आणि मोठ्याने, अडखळत, बोर्डिंगातली पोरं म्हणायची तीच छोटी प्रार्थना म्हटली. अन्नासाठी आभार, वाढणाऱ्या हातांवर आशीर्वाद. त्यांनी डोळे उघडले नाहीत, मी पुरं करेपर्यंत थांबले. आमेन म्हणालो.

त्यांनी तोंड उघडलं.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. बोलणंही गेलं. मी तुला माफ केलं, असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि तेव्हा मी विचारायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शेवटपर्यंत रोज प्रार्थना मी म्हणायची, मग ते घास घ्यायचे. एवढंच आमच्यात झालं. आज मी चार माणसांत ताटावर बसतो तेव्हा माझे हात आधी थबकतात, तो व्हरांडा आठवतो. मग मी डोळे मिटतो.