उशाखालचा चाकू

मला घडीचा चाकू आवडत नाही, स्पष्टच सांगते. बाजारात मिळतो ना, लाल मुठीचा, उघडझाप करणारा? खिशात शोभून दिसतो, पण जरा जोर लावला की सांध्यात हलतो आणि कधी बोटावर मिटेल त्याचा नेम नाही. पातं कसं, मुठीत घट्ट रुतलेलं पाहिजे. बायकामाणसाला चाकूबद्दल एवढी मतं कुठून आली, असं रोहणा गावी, सासरी मला पुष्कळदा विचारून झालंय. ती बाळंतपणात आली.

ऐंशीच्या आसपासचा हिवाळा होता. पहिलटकरीण म्हणून मी तळेगावकडे माहेरी आले होते आणि मुलगी झाली होती. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, बारसं होईपर्यंत. कुणी विळा ठेवतं, कुणी अडकित्ता. मायनं बाबांचा डोळे बांधायचा चाकू ठेवला आणि बाबांना काही सांगितलंच नाही.

बाबा संत्र्याची कलमं करायचे. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर द्यायची. मग चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती जागा, सालीच्या चिमुकल्या तुकड्यासकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधून टाकायचा. तेवढ्याच कामाचा तो चाकू. बाकी दोरी कापायला, फांद्या छाटायला, काटे तासायला बाबांच्या कमरेला जाड पाठीचा सुरा असायचा; त्याच्या पाठीनं ते खिळेसुद्धा ठोकत. डोळ्याच्या चाकूनं मात्र त्यांनी कधी काकडी चिरली नाही.

बाळंतिणीला काम काय? खा, शेक घे, पाज आणि पड. कंटाळा आला की मी उशाखालून चाकू काढून पाहत बसायची. मोडलेल्या करवतीच्या पात्यातून लोहारानं काढलेला, बोटापेक्षा जरा लांब. पातळ, पण वाकायचा नाही. मूठ लाकडाची, मधे फुगीर. तिचं मागचं टोक चपटं करून घासून घासून गुळगुळीत केलेलं. ते कशाला असेल? आणि खरं नवल म्हणजे पात्याची धार एकाच बाजूनं लावलेली, दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. लोहार अर्ध्यात उठून गेला की काय, असंच मला वाटलं.

पाचव्या दिवशी बाबांना चाकू हवा झाला. विहिरीजवळचं एक झाड डिंक्या रोगानं मरत होतं. त्याचं संत्रं पातळ सालीचं, आत बिया दोन-तीनच. त्याचे डोळे घेऊ घेऊ म्हणत बाबांनी दोन वर्षं चालढकल केली होती, आणि आता एकच फांदी हिरवी राहिली होती. तिच्या काड्या त्यांनी सकाळी कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्या. दोन दिवसांत डोळे बांधले तर बांधले, नाहीतर ते झाड गेलं ते गेलंच. आणि चाकू सापडेना. गोठा पाहिला, बैलबंडी पाहिली, बिचाऱ्या बैलांनाही शिव्या खाव्या लागल्या. शेवटी मीच आतून ओरडून सांगितलं, चाकू माझ्या उशाखाली आहे म्हणून.

बारशापर्यंत तो निघत नाही, असं मायनं सांगून टाकलं.

मग बाबा दुसऱ्या हत्यारांच्या मागे लागले. बाळंतिणीच्या खोलीत ते येत नसत. उंबरठ्याबाहेर बसून काम करायचे, मी आतून पाहायची. सुऱ्यानं डोळा चेचला. दाढीचं ब्लेड चिमटीत नाचलं. घडीच्या चाकूनं सालीच्या चिंध्या केल्या. मी विचारलं, तुमच्याच चाकूत असं काय आहे, त्याची तर धारही अर्धीच. बाबा वैतागलेले होते, तरी त्यांनी हातातली काडी वर धरून दाखवली.

"सपाट बाजू काडीले घासून चालते, म्हून डोळ्याची पाठ सपाट निघते. दोन्हीकडून धार असली का पातं आत घुसते."

आणि मुठीचं ते चपटं टोक? ते चिरेची साल उचलायला. नखानं उचलली तर तिथं साल काळी पडते म्हणे. मला भारीच गंमत वाटली. ज्या गोष्टीला मी लोहाराचा आळस समजत होते, तीच त्या चाकूची सारी हुशारी निघाली. त्या भरात मी मायला म्हटलं, विळा ठेव ना उशाखाली, लोखंड ते लोखंडच.

माय बाळाची दुपटी घडी करत होती. ती थांबली.

"तुह्या आधीचे दोन सहाव्या दिवसाच्या आत गेले. तवा विळाच होता. तुह्या वक्ताले मी हा चाकू ठेवला."

माझ्या आधी दोन होते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी मान खाली घातली, काड्या परत गोणपाटात गुंडाळल्या, त्यावर पाणी शिंपडलं आणि निघून गेले. मला माझ्याच तोंडाचा राग आला.

दुसरा दिवस सहावा होता. सकाळी बाबा पुन्हा घडीचा चाकू घेऊन बसले. निम्म्या काड्या वाया गेल्या, तरी पुढची काडी उचलायचे. माय दारात उभी राहून बराच वेळ ते पाहत होती. मग ती आत आली, माझ्या उशाखालून चाकू काढला आणि उंबरठ्यावर ठेवला. हातातून हातात आम्ही चाकू देत नाही.

"दिवे लागाच्या आत आना," एवढंच ती बाबांना म्हणाली.

बाबा चाकू घेऊन रोपांकडे गेले. माय माझ्या खाटेपाशी जमिनीवर बसली आणि तिनं आपला उजवा हात उशाखाली सरकवला. हे काय म्हणून मी विचारलं.

"चाकू येईपर्यंत मी हाओ."

मला आधी हसूच आलं. दुपार झाली तरी ती उठली नाही, तेव्हा हसू गेलं. भाकरी तशीच झाकलेली राहिली. शेजारीण हाका मारून गेली. मी म्हटलं, घटकाभर मी हात ठेवते, तू जेवून घे. तर तिनं नुसती मान हलवली. बाळ रडलं की डाव्या हातानं थोपटायची.

उन्हं उतरता उतरता बाबा आले. सतरा डोळे बांधले, असं त्यांनी बाहेरूनच सांगितलं आणि पुसलेला चाकू उंबरठ्यावर ठेवला. मायनं मला तो आणायला लावला. मी खाटेवर ठेवला, तिनं डाव्या हातानं तो उशाखाली सारला आणि मगच उजवा हात बाहेर काढला. बोटं वळत नव्हती. तेलाची वाटी ओढून मी तिचा हात चोळू लागले. मायचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बाळाच्या पोटाकडे पाहत होती, ते खालीवर होतंय ना, तेवढंच.