देवीपुढच्या बाटल्या

निर्माल्य कितीही वेळा विसर्जन करा, दुसऱ्या दिवशी टोपली पुन्हा भरतेच. आमच्या घरी किस्से तसेच साठतात. नव्वदीच्या सुरुवातीला हे पनवेलला गुरांचे डॉक्टर होते. आम्ही राहायचो दवाखान्यामागच्याच क्वार्टरमध्ये. पुढे यांची इंजेक्शनं, मागे माझी व्रतवैकल्यं! सगळे हसतात म्हणून मीही सांगते. पण खरं सांगू? बहुतेक किश्श्यांत मान खाली घालायची पाळी माझीच.

* * *

दर शुक्रवारी मी गवळ्याची गाय पुजायची. आणि दर शनिवारी तीच गाय दवाखान्यात! डोळा लाल, घळाघळा पाणी. दोनदा मलम झालं. तिसऱ्या शनिवारी यांनी टॉर्च लावून पाहिलं, कापसानं डोळा पुसला आणि तो लाल कापूस घेऊन थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"कुंकू जरा कमी लाव गं." मग वळून ड्रेसरला म्हणाले, "गणूभाऊ, केसपेपरवर लिहा, रोगाचं कारण डॉक्टरच्या घरात!"

* * *

श्रावणी सोमवार. एकशे आठ बेलाची पानं निवडून ओसरीवर ठेवली आणि आत दिवा लावायला गेले. येऊन बघते तर एका कातकरी बाईची शेळी टोपलीत तोंड घालून उभी. टोपली साफ!

मी झाडू उगारला, तर ती बाई हात जोडून म्हणाली, "मारू नको, बाय! दोन दिस झालं, तोंडात काय घेत नवती. तुजा देव पावला गं!"

झाडू कुठे लपवू, असं झालं मला.

* * *

दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरायचे. मेंढ्यांचे खूर सडू नयेत म्हणून हे फाटकाशी पत्र्याच्या ट्रेमध्ये मोरचुदाचं निळं पाणी ठेवायचे. प्रत्येक मेंढी त्यात पाय बुडवून आत.

माझं मार्गशीर्षात अनवाणी चालायचं व्रत. बाजारातून आले ती पाय धुळीनं माखलेले. समोर पाणी दिसलं, उभी राहिले त्यात! मागे रांगेत धनगरीण धोंडाबाई.

"वैनी," ती काळजीनं म्हणाली, "तुमच्या बी खुरात सडलं का वं?"

* * *

इथवर हसायचं. पुढचा किस्सा मी फार दिवस कुणालाच सांगितला नव्हता.

दवाखान्याचा फ्रिज बंद पडला म्हणून मेंढ्यांची लस आमच्या फ्रिजमध्ये होती. पोटात विष होऊन मेंढी सकाळी उभी आणि दुपारी आडवी, असा एक रोग असतो, त्यावरची. त्यात आला मार्गशीर्षातला गुरुवार. नैवेद्याची खीर लशीशेजारी कशी ठेवायची? मी बाटल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या आणि देवीपुढे, समईजवळ ठेवल्या. म्हटलं, तेवढाच आशीर्वाद. संध्याकाळी पुन्हा जागच्या जागी!

दुसऱ्या दिवशी यांनी जवळच्या आपटा गावी नदीकाठी जाऊन धोंडाबाईच्या सगळ्या कळपाला ती टोचली. "आता निर्धास्त फिरा," असं सांगूनही आले.

दोन दिवसांनी हे गणूभाऊंना बजावताना ऐकलं, "लस उबेला राहिली की संपली. मग पाणी टोचल्यासारखंच."

माझ्या हातातली जपमाळ थांबली.

तीन दिवस बोलले नाही. देवीसमोर बसायचे आणि डोळ्यांपुढे आडव्या पडलेल्या मेंढ्या यायच्या. चौथ्या दिवशी जेवताना सगळं सांगून टाकलं. वर म्हटलं, "देवी मला माफ करील ना हो?"

यांनी घास खाली ठेवला. "देवी करील गं. मेंढ्यांचं काय?"

नवी लस बर्फाच्या थर्मासमध्ये घेतली आणि स्कूटर काढली. "बस मागे. तुझ्या तोंडानं सांग."

देवाची कृपा, कळप अजून हलला नव्हता आणि एकही मेंढी गेली नव्हती. मी खाली बघूनच सगळं सांगितलं. धोंडाबाईचा नवरा कपाळाला हात लावून बसला. सगळ्या मेंढ्या पुन्हा धरायच्या म्हणजे काय! मग मीही पदर खोचला. दिवसभर कान धरून मेंढ्या आवरत होते, आणि वाटत होतं, कान खरं तर माझाच धरायला हवा.

शेवटची मेंढी सुटल्यावर धोंडाबाईनं विचारलं, "किती येळ ठिवली हुतीसा देवीफुडं?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

ती काठी उचलून मेंढ्यांमागे गेली.

* * *

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर धोंडाबाई पुन्हा दारात. सगळा कळप सुखरूप, वर कितीतरी नवी कोकरं. लस अजून आमच्याच फ्रिजमध्ये.

"डाक्टर, लस टोचायची हाय," ती म्हणाली. "पर पयली वैनीची, दिसभर देवीफुडं ठिवलेली. मग तुमची!"

हे माझ्याकडे बघायला लागले.

मी फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिले.